थर्ड एसीने कुटुंबासह रात्रीचा प्रवास: दहा महिन्यांच्या वापरानंतर

दोन मोठी माणसं, शाळकरी वयाची दोन मुलं आणि सत्तरीतले आजी-आजोबा. अशा सहा जणांना घेऊन दहा महिने सिद्धेश्वर, महालक्ष्मी, कोकणकन्या या रात्रीच्या गाड्यांनी ये-जा केल्यावरचं हे मत आहे. थर्ड एसी, म्हणजे एकावर एक तीन बर्थचा एसी डबा, कुटुंबासाठी चांगलाच. पण रात्र कशी जाणार, ते तिकिटावर बर्थ नंबर पडतो तेव्हाच ठरून जातं. त्यामुळे इथे सगळ्यात जास्त तिकिटाबद्दलच लिहिलं आहे.

आधी नंबर वाचायला शिका. एलएचबी नावाच्या नव्या बनावटीच्या थर्ड एसी डब्यात ७२ बर्थ असतात, म्हणजे आठ-आठचे ९ कप्पे. बर्थ नंबराला ८ ने भागा आणि बाकी बघा. १ किंवा ४ उरले तर लोअर, २ किंवा ५ म्हणजे मिडल, ३ किंवा ६ म्हणजे अप्पर, ७ म्हणजे साइड लोअर आणि पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. ३६ नंबर लोअर, ४३ अप्पर. डब्याच्या दोन्ही टोकांचे कप्पे, म्हणजे १ ते ८ आणि ६५ ते ७२, लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर नकोतच. दाराची उघडझाप, बाहेरचा उजेड आणि टॉयलेटचा वास रात्रभर चालू राहतो. २५ ते ४८ हा मधला पट्टा सर्वांत शांत. टोकाच्या कप्प्याला फायदा एकच, टॉयलेट जवळ पडतं. पण गुडघेदुखीवाल्या आजींनासुद्धा मधल्या कप्प्यातला लोअरच जास्त मानवतो.

आता आजी-आजोबांचं तिकीट. इथे जवळजवळ सगळे एक चूक करतात: सहाही जणांना एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच तिकिटावर घेतात. एका तिकिटावर सहा नावं बसतात हे खरं, पण खालच्या बर्थचा ज्येष्ठ नागरिक कोटा तेव्हा लागूच होत नाही. पुरुष ६० किंवा त्यावरचे आणि स्त्रिया ४५ किंवा त्यावरच्या, आणि तिकिटावर फक्त एक किंवा दोन माणसं, तीही दोघं या वयात बसणारी, एवढी अट आहे. सून किंवा नातू त्याच तिकिटावर आला की कोटा गेला. म्हणून आजी-आजोबांचं दोघांचं तिकीट वेगळं काढा आणि ऑनलाइन बुकिंगच्या पानावर कोट्याच्या यादीतून 'लोअर बर्थ/सीनियर सिटिझन' निवडा. ते आधी काढा. डबा कळला, समजा बी ३, की उरलेल्या चौघांच्या तिकिटात पसंतीचा डबा म्हणून बी ३ भरा. 'सगळे बर्थ एकाच डब्यात असतील तरच बुक करा' आणि 'किमान एक लोअर मिळाला तरच' असे पर्याय त्याच पानावर असतात, पण त्यातला एकच निवडता येतो. जागा भरपूर दिसत असतील तर लोअरचा निवडावा, कमी असतील तर एका डब्याचा. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती यात शोधू नका. वयाचा पुरावा मात्र जवळ ठेवा.

मुलांचं भाडं: पाच वर्षांखालच्या मुलाला बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच पूर्ण ते बारापेक्षा कमी वयाच्या मुलाला बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, न घेतला तर अर्धं. अर्ध्या भाड्याचा मोह दिवसाच्या गाडीत ठीक. रात्री सात-आठ वर्षांचं मूल शेजारी घेऊन एका बर्थवर मोठ्या माणसाला झोप लागत नाही. मुलाला लागते. पाच-सहा वर्षांचं बारीक चणीचं मूल असेल आणि बर्थ लोअर असेल तरच अर्धं तिकीट काढा.

तारखेचा घोळ हा सगळ्यात महाग पडणारा. सिद्धेश्वर मुंबईहून रात्री साडेदहानंतर सुटते आणि पुण्यात दोनच्या सुमारास येते. घरात आपण 'शुक्रवार रात्रीची गाडी' म्हणतो, पण पुण्यातून चढणाऱ्याला तिकिटावर शनिवारची तारीख हवी. कोकणकन्येला पनवेलहून चढणाऱ्यांचं हेच, कारण ती तिथे मध्यरात्र उलटल्यावर येते. मजा अशी की आरक्षण उघडण्याचा दिवस मात्र गाडी मूळ स्टेशनवरून ज्या तारखेला सुटते तिच्यावरून धरतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवसांची आहे. तत्काळलाही तोच हिशेब. शनिवारी पहाटे दोनला पुण्यात येणाऱ्या गाडीचं एसी तत्काळ गुरुवारी सकाळी १० ला उघडतं. शुक्रवारी सकाळी साइट उघडून बसलात तर हाती वेटिंग येईल. तत्काळच्या एका तिकिटावर चारच माणसं, कन्फर्म तिकीट रद्द केलं तर परतावा नाही, आणि जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं. सहा जणांच्या कुटुंबाने तत्काळच्या भरवशावर बेत आखू नये. आरएसी, म्हणजे एका बर्थवर दोघांचं तिकीट, हातात आलं तर साइड लोअरवर दोघांनी बसून रात्र काढायची तयारी हवी. मुलं बरोबर असताना ते फार अवघड जातं.

स्लीपर, थर्ड इकॉनॉमी की थर्ड एसी? हिवाळ्यात आणि सगळे धडधाकट असतील तर स्लीपर चालतो, फक्त खिडकीचं शटर मुलांच्या बोटांवर पडतं, तेवढं बघावं. इकॉनॉमीत प्रत्येक बर्थला स्वतःचा दिवा आणि एसीची झडप मिळते, भाडंही थोडं कमी. पण त्याच लांबीच्या डब्यात जास्त बर्थ बसवल्याने समोरासमोरच्या दोन बर्थमधली जागा आखडली आहे. चार जण पाय सोडून बसले की गुडघे भिडतात. आजोबांसाठी म्हणून साधा थर्ड एसीच बरा.

मिडल बर्थ लावताना घाई करू नका. दिवसा पाठीला टेकायची फळी असते, तीच उचलून वर टांगायची. एकाने ती खालून दोन्ही हातांनी आडवी धरायची, दुसऱ्याने दोन्ही टोकांच्या कड्या बसवायच्या. एका बाजूची कडी पूर्ण बसली आणि दुसरी नुसती टेकली, असं पुष्कळदा होतं. वरून बघताना दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून कोणीही चढण्याआधी बर्थची बाहेरची कड धरून जोरात खाली ओढून बघा. आधी एक टोक, मग दुसरं. कड थोडीही खाली आली किंवा 'कट्' असा आवाज झाला तर काढून परत लावा. कडीच वाकलेली असेल तर तो बर्थ वापरू नका, टीसीला दाखवा आणि १३९ या रेल्वेच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. खाली आजी झोपणार आहेत हे लक्षात असू द्या.

झोपायची ठरलेली वेळ रात्री १० ते सकाळी ६. त्याआधी आणि नंतर मिडलवाल्याने बर्थ पाडून खालच्याला बसू द्यायचं. आजारी माणूस, गरोदर बाई असेल तर सहप्रवाशांनी समजून घ्यावं, अशी अपेक्षा नियमातही आहे. लहान मुलाला अप्परवर देऊ नका, कठड्याची दांडी फार आखूड असते. लोअरवर आत भिंतीकडे मूल, बाहेर मोठं माणूस. डोकं खिडकीकडे ठेवा. वाटेकडे ठेवलं तर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगा लागतात. थर्ड एसीला पडदे नसतात, त्यामुळे उजेडाने जागं होणाऱ्या मुलाच्या डोळ्यांवर बांधायला मऊ सुती पट्टी घ्या.

थंडी वरून येते. अप्पर आणि साइड अप्परवाले पहाटे तीनला कुडकुडतात तेव्हा लोअरवाला पांघरूण लाथाडतो. अटेंडंटला सांगून तापमान वाढवून घेता येतं, पण ते झोपण्याआधी सांगावं. बेडरोलमध्ये दोन चादरी, उशी, ब्लँकेट आणि छोटा टॉवेल असतो. टॉवेल बहुधा मागून घ्यावा लागतो. चादरी प्रत्येक वापरानंतर धुतात, ब्लँकेट तसं धुतलं जात नाही, म्हणून एक चादर ब्लँकेटखाली पांघरावी.

एसी डब्यातले सॉकेट ११० व्होल्टचे, मोबाइलपुरते. किटली लावायला मनाई आहे. बाळाच्या दुधासाठी गरम पाणी घरून थर्मासमध्येच न्या, कारण रात्रीच्या बऱ्याच गाड्यांना पँट्री नसते. एलएचबी डबे सुटताना आणि थांबताना हिसका देतात, उघडा कप टेबलावर ठेवला की सांडलाच.

सामान माणशी ४० किलोपर्यंत मोफत, पण खरी मर्यादा लोअरखालच्या जागेची. सहा जणांना दोन मोठ्या बॅगांपेक्षा चार मध्यम बॅगा सोप्या जातात. बॅगा आडव्या सरकवून बर्थखालच्या कडीला साखळीने बांधा. औषधं, मुलांचा एक कपड्यांचा जोड आणि पाणी एका छोट्या पिशवीत, उशाशी.

उतरायचं स्टेशन लहान असेल तर गाडी दोनच मिनिटं थांबते. सहा जणांना, त्यात म्हातारी माणसं असताना, ती पुरत नाहीत. स्टेशनच्या वीस मिनिटं आधी सगळ्यांना उठवून सामान दाराजवळच्या बाजूला आणायचं, आधी एक मोठं माणूस उतरणार, मग सामान, मग मुलं, मग आजी-आजोबा, शेवटी दुसरं मोठं माणूस. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा गजर जुन्या वेळेवर लावू नका, गाडीचं चालू ठिकाण बघून लावा. साडेपाचनंतर टॉयलेटपुढे रांग लागते, मुलांना पाचलाच नेऊन आणा. आणि निघताना अप्परच्या जाळीत हात घालून बघा. चष्मे आणि चार्जर तिथेच राहतात.