घरी बनवलेलं युकुलेले: नऊ महिने वाजवल्यावर

मार्चअखेरीस या युकुलेलेला (गिटारसारखं, चार तारांचं छोटं हवाईयन वाद्य) तारा चढवल्या तेव्हाच हे लिहिलं असतं, तर नुसतं कौतुक लिहिलं असतं. मधे एक मे महिना आणि अख्खा पावसाळा गेलाय, आता बोलायला हरकत नाही.

माप कॉन्सर्ट नावाचं, म्हणजे आडापासून (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) घोडीपर्यंत (तबलीवर तारा टेकतात तो तुकडा) ३८० मिलीमीटर. पाठ, बाजू, तबली (पुढची पातळ फळी) सगळं तूनचं. मिरजेत सतार-तंबोऱ्याला हेच लाकूड लागतं, म्हटलं आपलंही भागेल. (हवाईत कोआ वापरतात, ते पुण्यात कुठून आणणार?) पडद्यांची पट्टी मोडक्या खुर्चीच्या शिसवी पायातून काढली. सुतारकाम मला जुजबीच येतं. धीर एवढाच, की १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून हवाईत होनोलुलूला उतरलेल्या ज्या लोकांनी ही वाद्यं तिथे घडवायला सुरुवात केली, तेही मूळचे फर्निचर करणारे.

आवाज आधी सांगतो, कारण तिथे तक्रार नाही. दुकानातल्या प्लायच्या युकुलेलेपेक्षा गोल आणि थोडा खालच्या अंगाचा. तारा जी-सी-इ-ए, म्हणजे सी ला सा धरलं तर मोकळ्या तारा प, सा, ग, ध. वरची प शेजारच्या सा आणि ग या दोघींपेक्षा उंच लागते. आमच्याकडे पेटी वाजवणाऱ्या काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘‘अरे, तार उलटी लावलीस का?’’

तक्रार सुरांची होती. पडदे मी हिशोबाने बसवले: उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागत जायचं. पहिला पडदा २१.३ मिलीमीटरवर, दुसरा पुढे २०.१ वर, बारावा बरोबर १९० वर. दोन रविवार त्यात गेले, पाव मिलीमीटरसाठी स्वतःशीच भांडलो. आणि घोडी? ती सरळ ३८० वर चिकटवली. तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून घोडी दोनएक मिलीमीटर मागे हवी, हे वाचलं होतं. चिकटवताना डोक्यातून गेलं. बाराव्या पडद्यावर ट्यूनर दहाएक सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वर दाखवायचा. एकट्याने वाजवताना कळत नाही, पेटीबरोबर बसलं की लाज वाटते.

मग मे महिन्यात वाद्य दुपारभर गाडीत राहिलं. संध्याकाळी पिशवी उघडली तर घोडी एका बाजूने उचललेली, खाली पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. पांढरा गोंद उन्हात मऊ पडतो आणि तारांचा ओढ त्याला सुट्टी देत नाही. चूक माझी. चाकू तापवून घोडी पूर्ण सोडवली आणि जुन्या पद्धतीने सरस पाण्याच्या भांड्यात गरम करून पुन्हा लावली, या वेळी दोन मिलीमीटर मागे. सूर बसले! घोडीच्या पुढे मात्र दोन मिलीमीटरची बिनपॉलिशची फिकट रेघ उघडी पडली आहे. पॉलिश मारून झाकता येईल, पण अजून हात लावलेला नाही.

पावसाळ्यात तबली फुगली. बाराव्या पडद्यावर तार २.६ वरून ३.४ मिलीमीटर उंच गेली, बार कॉर्डला (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबताना) बोट दुखायला लागलं. घोडीवरचं हाड (तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) घासणार होतो, पण थांबलो ते बरं. दुसरं बुटकं हाड करून जुलैत ते घातलं आणि दिवाळीनंतर परत उंच. पाच मिनिटांचं काम आहे.

बाजू वाकवण्यावर फार लिहीत नाही. दोन मिलीमीटरची पट्टी, तापलेला लोखंडी पाइप, ओलं फडकं. पहिली पट्टी कमरेच्या बाकात कड्कन मोडली, दुसरी वळली.

खर्च हत्यारं सोडून चार हजारांच्या आसपास. तेवढ्यात कारखान्यातलं बरं वाद्य येतं आणि ते पहिल्या दिवसापासून सुरात असतं. वाजवायचंच असेल तर विकत घ्या, उगाच भुसा उडवू नका. तारा मात्र मासेमारीच्या दुकानातली फ्लुओरोकार्बन दोरी आणून लावल्या तरी चालतात. स्टीलच्या चुकूनही नकोत, घोडी पुन्हा हातात येईल.

सध्या थंडीत शिसवी पट्टी आकसली आहे आणि पडद्यांची टोकं कडेला बोचतात. परवा बारीक कानस फिरवली. तिसऱ्या आणि सातव्या पडद्याची टोकं अजून तळहाताला लागतात.