किराणा दुकानामागची चार टेबले: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सांगलीच्या गणपती पेठेत घाऊक किराण्याची जी दुकाने आहेत, त्यांच्यामागच्या एका बोळात एक मध्यम आकाराचे किराणा दुकान आहे. त्याच्या आतल्या भागात, डाळींची पोती आणि तेलाचे डबे ओलांडून गेल्यावर, चार टेबले मांडलेली आहेत. बाहेरच्या पाटीवर खाण्याचा उल्लेख नाही. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी मी साबुदाणा घ्यायला गेलो असताना आतून जिऱ्याच्या फोडणीचा वास आला, म्हणून डोकावलो, आणि तेव्हापासून आठवड्यातून किमान दोनदा तिथे खात आलो आहे. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब पाहतो. दिवसभर हाताखालून माल जात असल्यामुळे खाण्याच्या जागेत शिरलो की माझे लक्ष ताटापेक्षा आधी पोत्यांकडे जाते. हा अनुभव मी त्याच नजरेने लिहीत आहे.

दुकान चालवणारे कुटुंब सिंधी आहे. दुकानदार काकांचे वडील फाळणीनंतर सिंधमधल्या शिकारपूरहून निघाले आणि कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे पोलंडचे निर्वासित राहत होते. पुढे त्याच जागी सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि ती आज गांधीनगर म्हणून ओळखली जाते. तिथून हे कुटुंब सांगलीत स्थायिक झाले. शिकारपूर लोणच्यांसाठी प्रसिद्ध होते, आणि दुकानाच्या वरच्या फळीवर भाभींच्या हातच्या लोणच्याच्या बरण्या अजूनही असतात. खाण्याच्या प्रत्येक प्लेटबरोबर त्यातली एक लहानशी फोड मिळते.

इथे सर्वप्रथम खावे ते डाळ-पकवान. सिंधी घरांत हा सकाळचा, विशेषतः सुटीच्या दिवसाचा नाश्ता आहे, आणि इथेही तो सकाळी आठ ते साडेअकरापर्यंतच मिळतो. पकवान म्हणजे मैद्यात मोहन, जिरे आणि भरडलेली मिरी घालून घट्ट मळलेल्या पिठाची पातळ, मोठी पुरी. ती फुगू नये म्हणून तिला सर्वत्र टोचे मारतात आणि मंद आचेवर, घाई न करता, पूर्ण कडक होईपर्यंत तळतात. मोठ्या आचेवर तळलेले पकवान वरून लाल दिसते, पण तासाभरात आतून चिवट होते. इथले पकवान मी दुपारी घरी नेऊन संध्याकाळी खाल्ले आहे आणि तेव्हाही ते बोटाने दाबताच आवाज करून तुटले. डाळ हरभऱ्याची असते. ती शिजवण्याची कसोटी अशी, की दाणा डोळ्यांना अख्खा दिसावा आणि जिभेवर मात्र आपोआप विरघळावा. आठ महिन्यांत डाळ फसल्याचे मला दोनदाच आढळले, आणि दोन्ही वेळा ती पिठल्यासारखी गाळ झाली होती. डाळीवर चिंचेची चटणी, हिरवी चटणी आणि बारीक चिरलेला कांदा येतो. चिंचेच्या चटणीत खजुराऐवजी तासगावकडचा बेदाणा वाटून घालतात. त्यामुळे गोडवा हलका राहतो आणि चिंचेचा आंबटपणा दबत नाही. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तो इतक्या नेमक्या कामाला लावलेला मी प्रथमच पाहिला.

काकांची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर एका सकाळी मी नेहमीप्रमाणे बसलो, तेव्हा ते स्वतः टेबलाशी आले आणि म्हणाले, “आज पकवान मऊ पडलंय, दादा. देत नाही. कोकी खा.” परातीत तळलेली पकवाने समोर दिसत होती आणि मला घाई होती, तरीही त्यांनी ती विकली नाहीत. कोकी म्हणजे कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घातलेली कणकेची जाड भाकरीसारखी पोळी. ती आधी अर्धवट भाजून, पुन्हा लाटून, तव्यावर तेल किंवा तूप सोडून सावकाश भाजतात. दह्याबरोबर ती उत्तम लागते, आणि पावसाळ्यात खरे तर तीच मागवावी.

दुपारी चारनंतर बन-कबाब सुरू होतो. हा कराचीच्या रस्त्यावरचा पदार्थ आहे. तिथे हरभऱ्याची डाळ आणि मांस यांची, किंवा नुसत्या डाळीची, टिक्की फेटलेल्या अंड्यात बुडवून तव्यावर परततात आणि कांदा व चटणीसह गोल पावात घालून देतात. काकांचा धाकटा मुलगा काही वर्षे दुबईत होता. तिथे कराचीच्या लोकांकडून शिकून त्याने हा पदार्थ इथे आणला. इथे मांस वापरत नाहीत. टिक्की डाळ आणि बटाट्याची असते, आणि अंडे नको असणाऱ्यांसाठी बेसनाचे पातळ पीठ वापरतात. माझे स्पष्ट मत असे आहे, की ज्यांना अंडे चालते त्यांनी अंड्याचाच घ्यावा. अंड्याचे आवरण पातळ व जाळीदार होते आणि डाळीची चव पुढे येते. बेसनाचे आवरण मात्र जाड बसते आणि जीभ लगेच वडापावाकडे वळते. मग तुलना अटळ होते आणि त्या तुलनेत वडापाव जिंकतो. पाव स्थानिक बेकरीचा, किंचित गोडसर असतो. तो तव्यावर नीट भाजून घेतला नाही तर चटणीने लगेच भिजतो, म्हणून मी नेहमी जास्त भाजायला सांगतो.

गोलगप्प्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण सांगलीकरांची पाणीपुरीबद्दलची अपेक्षा पक्की असते. आपल्याकडे पुरीत गरम रगडा भरतात. लाहोरपासून दिल्लीपर्यंत उकडलेला बटाटा आणि हरभरा भरण्याची पद्धत आहे, आणि इथेही तसेच करतात. रगड्याचा ऊबदारपणा नसल्यामुळे सगळा भार पाण्यावर येतो, आणि किराणा दुकानाचा खरा उपयोग इथे कळतो. पादेलोण, आमचूर, जिरे, अनारदाणा हे सर्व समोरच्या पोत्यांतून काढून त्याच दिवशी कुटतात. पादेलोणाला गंधकाचा उग्र वास असतो आणि ताज्या पुडीत तो अधिकच जाणवतो. म्हणून भाभी सकाळीच पाणी करून, गाळून, झाकून ठेवतात आणि संध्याकाळपर्यंत तो वास पुदिन्यात मुरतो. ज्या दिवशी पाणी दुपारी केलेले असते, त्या दिवशी पहिल्या घोटालाच फरक कळतो.

मिठावरून एकदा काकांशी बरेच बोलणे झाले. आपण ज्याला शेंदेलोण किंवा सैंधव म्हणतो, त्या नावातच सिंधू आहे. आपल्याकडे उपवासाला वापरले जाणारे बरेचसे सैंधव वर्षानुवर्षे पाकिस्तानातील पंजाबमधल्या खेवड्याच्या खाणीतून येत असे. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क लावले आणि मे २०२५ मध्ये तिथून येणारी आयात पूर्ण बंद केली. हे सांगताना काकांनी मिठाचा एक जुना गुलाबी खडा दाखवला. तो विक्रीसाठी नसून गल्ल्याशेजारी तसाच ठेवलेला आहे.

रमजानच्या महिन्यात संध्याकाळी फळांचे चाट होते. पाकिस्तानात इफ्तारला ते जवळजवळ ठरलेलेच असते. केळी, पेरू, सफरचंद, डाळिंब आणि उकडलेला हरभरा यांवर चाट मसाला आणि लिंबू इतकीच त्याची कृती आहे. मिरजेहून आलेली कुटुंबे ते घरी घेऊन जाताना मी रोज पाहत होतो. ते वर्षभर मिळावे, अशी माझी विनंती आहे. दही-भल्ले चांगले असतात. आपल्या दहीवड्याहून दही कमी गोड असते, एवढाच फरक.

आता तक्रारी. सर्वांत मोठी तक्रार पापडीची आहे. मे महिन्यात एकदा पापडी-चाट खाताना पापडीला खवट वास आला. दुकानात विक्रीला ठेवलेली पाकिटे खपली नाहीत की ती आत वापरली जातात, असे माझ्या लक्षात आले. मी सांगितल्यावर काकांनी एक तुकडा खाऊन पाहिला, आख्खे पाकीट टाकून दिले आणि पैसे घेतले नाहीत. मात्र जूनच्या शेवटी पुन्हा एकदा तोच वास किंचित जाणवला. ज्या दुकानाचा माल हीच त्याची ताकद आहे, तिथे हे घडू नये असे मला मनापासून वाटते. पाकिटावर फोडल्याची तारीख लिहून ठेवण्याची सूचना मी केली आहे. दुसरी अडचण अशी, की लाल मिरचीची पोती उतरवतात त्या दिवशी बाहेरच्या दोन टेबलांवर बसवत नाही. लहान मुले बरोबर असतील तर आतल्या भिंतीकडचे टेबल धरावे. हात धुण्याची जागाही पोत्यांमागे आहे आणि वयस्कर माणसांना तिथवर जाणे अवघड जाते.

डाळ-पकवानाची प्लेट ५० रुपयांना आणि बन-कबाब ४० रुपयांना मिळतो. मार्चपासून दोन्हींचे दर पाच-पाच रुपयांनी वाढले आहेत. रविवारी साडेनऊनंतर पकवान संपण्याची शक्यता असते. घरी न्यायचे असल्यास डाळ, दोन्ही चटण्या आणि कांदा वेगवेगळे बांधून मागावेत आणि पकवान वर्तमानपत्राऐवजी कोऱ्या कागदात गुंडाळून द्यायला सांगावे. भाभी विचारल्याशिवाय वर्तमानपत्रच काढतात, पण सांगितले की लगेच कोरा कागद घेतात.