दहा हजार पाचशेचा स्टिकर

रुपये १०,५००. आकडा आधीच सांगतो, कारण घरात अजून खरा सांगितलेला नाही.

मालवणात आमच्या चार खोल्या पाहुण्यांना देतो. बुकिंगचा हिशेब २०१८च्या लॅपटॉपवर. प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, आय ३; रॅम, म्हणजे कामापुरती मेमरी, ४ जीबी. चालू व्हायला चार-पाच मिनिटं. कुडाळात एकाकडे नेला. "तुमचो प्रोसेसरच म्हातारो झालो, आय ५ घालूक होयो." आय ५ म्हणजे आय ३च्या वरचा. प्रोसेसरचे ७,५००, आणखी चार जीबी रॅमचे २,४००, सर्व्हिसिंगचे ६००. बिल नको असेल तर जीएसटीचे १,८९० वाचतील, हेही त्यानेच सुचवलं. चतुर्थी दहा दिवसांवर, घरात रंगकाम, फोन थांबत नाही. पावतीचा विचार कोण करतो?

आणायला गेलो तेव्हा त्याने टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत काय चाललंय ते दाखवणाऱ्या खिडकीत, मेमरी उघडून दाखवली. ८ जीबी. बरोब्बर त्याच्या वर सीपीयू, म्हणजे प्रोसेसरच, लिहिलेलं होतं. तिथे एक क्लिक केला असता तर प्रोसेसरचं नाव समोर आलं असतं! मी मात्र आय ५चा स्टिकर बघून खूश. आजूबाजूचं प्लास्टिक हात घासून गुळगुळीत झालेलं आणि स्टिकर तेवढा कोरा करकरीत. डोळे होते, बघितलं नाही.

चतुर्थीला मुंबईहून भाचा आला. "मामा, हा आय ३च आहे." प्रोसेसरची ही चिप मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य पाटीला, सोल्डर केलेली असते, सुटी बदलता येतच नाही. कुणी असा प्रोसेसर बदलून देतो म्हणालं की लॅपटॉप उचला आणि निघा. मला कसं ठाऊक असणार? गाडीचं इंजिन बदलतात की!

दुखणं हार्ड डिस्कचं होतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के गुंतलेली, हे वर्षभर मीच बघत होतो. भाच्याने जुन्या डिस्कच्या जागी २,६००ची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घातली, वीस सेकंदांत चालू. आधी डिस्क बघा, मग रॅम. जुना सुटा भाग मागून घ्या. मला 'जुना प्रोसेसर' मागायचं सुचलं असतं तर तो काय देणार होता?

पोलिसांकडे गेलो. "हा तुमचा आपसातला व्यवहार." मग सायबरवाले. "ऑनलाइन पैसे दिलेत?" नाही, रोख. "मग आमच्याकडे नाही." पुन्हा पहिल्या टेबलावर, तिथले साहेब बंदोबस्ताला. तीन फेऱ्या, एसटीचं भाडं वेगळं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण माझ्याकडे कागद कुठला? जीपेने दिले असते तरी खुणेला काही उरलं असतं.

दुकानदाराने शेवटी सर्व्हिसिंगचे ६०० परत देऊ केले. रागाने घेतले नाहीत. तेही गेले.