रशियन धातू: दोन अंगं पाठ करायची की एकच?

रशियन क्रियापदाचं मूळ अंग, म्हणजे ज्याला प्रत्यय लागतात तो भाग, नक्की कुठलं, यावर दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत म्हणते दोन अंगं धरा, एक चितात् (वाचणे) मधलं 'चिता', दुसरं चितायू (मी वाचतो) मधलं 'चिताय', झालं. सोपं आहे, पण दोघांचं नातं काय ते सांगतच नाही ना!

भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसननं 1948 मध्ये म्हटलं की एकच पूर्ण अंग घ्या, बाकी नियमानं काढा. दोन व्यंजनं किंवा दोन स्वर एकमेकांवर आपटले की सहसा पहिला गळतो. म्हणजे 'चिताय' ला 'त्' लागला की 'य' जातो, चितात् तयार. पिसात् (लिहिणे) चं मात्र अंग 'पिसा', त्याला 'ऊ' लागला की 'आ' जातो, वर 'स' चा 'श' होतो म्हणून पिशू, मी लिहितो. आपल्याकडच्या संस्कृत धातूंसारखंच वाटतं, धातू एक आणि बाकी सगळे नियम.

गोची एवढीच की डिक्शनरीत दोन्ही 'आत्' नंच संपतात, त्यामुळे अंग 'चिताय' की 'पिसा' हे कळणार कसं? ते पाठच करावं लागतं. तरी मला याकोबसनचंच पटतं, परीक्षा उद्या असेल तर मात्र गुपचूप जुनी पद्धत.