थेट डीव्हीडी बर्न करायची, की आधी आयएसओ?

लग्नाची, मुंजीची डीव्हीडी एडिटिंग सॉफ्टवेअरमधूनच बर्न करणं, म्हणजे डिस्कवर उतरवणं, सोपं वाटतं. एक बटण दाबलं की झालं. पण त्यामागे एमपीईजी-२ मध्ये (डीव्हीडीच्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये) रूपांतर, मेनूची जोडणी आणि बर्निंग अशी तीन कामं लागोपाठ चालतात. शेवटच्या टप्प्यात एरर आली तर दोष व्हिडिओचा, राइटरचा (डिस्क लिहिणाऱ्या ड्राइव्हचा) की डिस्कचा, पत्ता लागत नाही. वर डिस्क वाया, आणि बऱ्याचदा रूपांतरही पुन्हा पहिल्यापासून.

आधी आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डीव्हीडीची हुबेहूब प्रत असलेली एकच फाइल, हार्ड डिस्कवर बनवली तर हा गुंता सुटतो. फाइलच तयार होत नसेल, तर गडबड एडिटिंगच्या बाजूला: एखादी खराब क्लिप, नाहीतर भरलेली हार्ड डिस्क. तयार झाली, तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये मेनूसकट चालवून बघा आणि मग इमगबर्नसारख्या मोफत सॉफ्टवेअरने, व्हेरिफाय (लिहिलेली डिस्क फाइलशी ताडून बघणं) चालू ठेवून बर्न करा. तिथे अडलं तर डिस्क किंवा राइटर बदला, व्हिडिओला हात लावू नका. आणखी प्रती हव्यात? तीच फाइल पुरते.

४.७ जीबीची डिस्क विंडोजला सुमारे ४.३७ जीबीच दिसते, हे दोन्ही पद्धतींत सारखंच. दोन तासांहून बरंच जास्त चित्रण कोंबलं, तर चित्र फुटू लागतं.

छोटी क्लिप, एकच प्रत असेल तर थेट बर्न चालेल. एरवी माझं मत आयएसओलाच.