रोज एक पान फाडायची दिनविशेष दिनदर्शिका : वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या डिसेंबरात पुण्यातील एका पुस्तक प्रदर्शनातून घेतलेली ही दिनदर्शिका वर्षभर आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर होती. वर वार आणि तिथी, मधोमध मोठ्या आकड्यांत तारीख आणि खाली त्या दिवशी घडलेल्या तीन-चार घटना, अशी पानाची मांडणी आहे. कागद जाड असून छपाई ठसठशीत आहे.

मजकुराचा दर्जा मात्र पानागणिक बदलतो. १६ एप्रिलच्या पानावर १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या गाडीची माहिती देताना साहिब, सिंध व सुलतान ही इंजिनांची नावे, १४ डबे आणि सुमारे ४०० प्रवासी, एवढे सारे चार ओळींत नेटके बसवले आहे. याउलट १२ जुलैला केवळ ‘१९६१ : पानशेत धरण फुटले’ एवढेच छापले आहे. ते वाचून सासूबाई एवढेच म्हणाल्या, “आणि खडकवासला?” त्यांचा प्रश्न रास्त होता, बांधकाम अपुरे असलेले पानशेत फुटल्यावर त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हे एका ओळीत सहज सांगता आले असते.

त्रोटकपणा एक वेळ चालेल, चूक चालणार नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ २१ एप्रिल १९१३ रोजी प्रदर्शित झाल्याचे येथे म्हटले आहे. वास्तविक त्या दिवशी मुंबईच्या ऑलिंपिया चित्रगृहात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि सर्वांसाठी तो कॉरोनेशनमध्ये ३ मे रोजी लागला. गंमत म्हणजे ३ मेच्या पानावरही तो ‘प्रदर्शित’ झालेला आहे!

६ जूनच्या पानावर शिवराज्याभिषेकाच्या १६७४ या सनासोबत ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ असा उल्लेख केला, हे मला विशेष आवडले. परंतु त्याच पानाच्या माथ्यावर यंदाची वेगळीच तिथी पाहून घरातील मुले गोंधळली. रायगडावर तारखेने आणि तिथीने असे दोन सोहळे का होतात, तसेच ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची असून आजच्या गणनेने ती १० दिवस पुढे जाते, याचे टिपण पहिल्या पानावर हवे होते.

अडीचशे रुपयांत ही दिनदर्शिका महाग वाटत नाही. पुढील वर्षीचीही घेईन. मात्र पैसे देण्यापूर्वी २१ एप्रिलचे पान उघडून पाहीन.