म्हशीला विमा की सरकारी मदतीचा भरवसा?
"पूर आला तर सरकार देतंच, मग हप्ता कशाला?" चिपळूणच्या मावसभावाचा प्रश्न. जुलै २०२१ चा पूर त्याने पाहिलाय.

मदतीला पदरचा खर्च नाही. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीमागे ३७,५०० रुपये, शेळीमागे ४,०००. पण फक्त आपत्तीत. आजाराने जनावर गेलं तर काही नाही. शिवाय पंचनामा हवा. वाहून गेलेल्या म्हशीचं दाखवायचं काय, हाच खरा घोर.

विम्यात आजार, अपघातही येतात. राष्ट्रीय पशुधन अभियानात हप्त्याचा १५ टक्केच वाटा आपला. कानातला बिल्ला तेवढा जपायचा. तो पडला तर लगेच कळवून नवा मारून घ्यायचा, नाहीतर दावा अडतो.

दोन-चार गावठी शेळ्या असतील तर मदतीवर भागेल. कर्ज काढून आणलेल्या मुऱ्हा म्हशीला मात्र विमा हवाच. ३७,५०० मध्ये तशी दुसरी येत नाही.